पहिली ‘ब’ची तोंडी परीक्षा

धाकटीला या शाळेत मीच लावलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला शहाणपण शिकवायला नको. धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको, माझी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा लहान मुलांना इंग्रजी शिकवण्याची पदविका तिच्याकडे होती आणि नोकरी नव्हती. आम्ही खालच्या मजल्यावर, ती दोघं वरच्या. दिवसभर खिडकीत बसून रस्ता बघायची. मला दया आली. मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे, मी स्वतः शब्द टाकला. मुलगी गुणी आहे, घरातलीच आहे, मी सांभाळून घेईन, असं अगदी छातीठोकपणे सांगितलं. त्या वर्षी पहिलीला मुलं वाढली होती आणि दोन तुकड्या करायच्या होत्या. ‘अ’ मला मिळाली, ‘ब’ तिला.

पहिलीचं इंग्रजी सोळा वर्षं माझ्याकडे होतं. बाकीच्या बायका पहिलीला नाक मुरडतात. तिथं मुलांची नाकं पुसावी लागतात, बुटांच्या नाड्या बांधाव्या लागतात. मला मात्र दुसरा वर्ग दिला असता तर मी रडले असते. मुलाच्या तोंडून आयुष्यातला पहिला इंग्रजी शब्द निघतो तो माझ्यासमोर निघतो, माझ्या आवाजात निघतो, ही माझी मिरास होती. आज बँकेत, दवाखान्यात, कुठंही गेले तरी एखादा मिशावाला पुढं येऊन म्हणतो, "बाई, ओळखलंत का? सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर." मग तो आणि मी दोघंही हसतो. माझ्या मागं मुलं मला स्पेलिंगबाई म्हणतात हे मला माहीत आहे, आणि त्याचा मला राग नाही.

माझी पद्धत सरळ होती. वर्गात शिरले की हाताची घडी. मग भिंतीवरचा तक्ता, माझी लांब पट्टी आणि रोज पाच शब्द. आधी मी म्हणायचं, मग सगळ्यांनी, मग रांगेनं एकेकानं. स्पेलिंग, शब्द, अर्थ, सगळं एका चालीत. नंतर वहीत प्रत्येक शब्द चार ओळी. शनिवारी श्रुतलेखन. वर्षाअखेर मुलाला दोनशे शब्द येत, झोपेतून उठवून विचारलं तरी येत.

धाकटीनं पहिले दोन महिने मुलांच्या हातात पेन्सिलच दिली नाही. वर्गातली बाकं तिनं भिंतीला लावली आणि मध्ये मोकळी जागा केली. ती म्हणायची "स्टँड अप" आणि स्वतः उभी राहायची. "टर्न अराउंड" म्हणून गिरकी घ्यायची. "टच द डोअर" म्हटलं की छत्तीस पोरं दाराकडं धावायची. ज्याला बोलायचं नाही त्यानं बोलू नये, नुसतं करावं. चुकलं तर ती चूक म्हणायची नाही. तेच वाक्य बरोबर करून हसत परत म्हणायची. एक कापडी पिशवी होती. तिच्यात चमचा, किल्ली, फणी, चेंडू असलं काहीबाही. मूल डोळे मिटून हात घालायचं, वस्तू चाचपायचं आणि नाव सांगायचं. किल्ली म्हणजे मनगट फिरवायचं, फणी म्हणजे केसांवरून हात फिरवायचा. प्रत्येक शब्दाला तिनं एक हातवारा लावून दिला होता. शिवाय एक मोजा होता. त्याला बटणांचे डोळे लावून तिनं बाहुला केला होता आणि मुलांना सांगितलं होतं की याला फक्त इंग्रजी कळतं. मुलं त्या मोज्याशी तासन्‌तास गप्पा मारायची. पुढं कळलं की तो मोजा माझ्या नवऱ्याचा होता, दोरीवरून वरच्या मजल्यावर गेलेला. दुसरा मोजा मी महिनाभर शोधत होते. आमच्या घरातला माणूस तिच्या वर्गात इंग्रजी ऐकतो आणि मला पत्ता नाही, असा तो प्रकार.

सुरुवातीला मी हसले. शिक्षकांच्या खोलीत म्हणालेसुद्धा, की वर्ग आहे की सर्कस? दोघीचौघी हसल्या. मला बरं वाटलं. पण पुढच्याच महिन्यात त्याच दोघीचौघी मधल्या सुट्टीत तिच्या वर्गाच्या दाराशी उभ्या राहून बघायला लागल्या. एक तर मला म्हणाली, तुमच्या जावेकडं काहीतरी जादू आहे हो. मी म्हटलं, आहे ना, मीच तर आणली तिला. हसत म्हटलं, पण डबा अर्धाच खाऊन बंद केला.

आता माझ्या लेकीबद्दल सांगते. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी कधी बसत नाही. ती त्याच वर्षी पहिलीत आली. आमच्या शाळेचा नियम असा की शिक्षिकेचं मूल तिच्या स्वतःच्या तुकडीत बसत नाही. सोळा वर्षांत मी दुसऱ्यांच्या सातशे पोरांना इंग्रजी शिकवलं, आणि माझी एकुलती एक पोर ‘ब’ मध्ये गेली, काकूकडं. नियम चांगला आहे. नियम केला तेव्हा त्याच्या बाजूनं मीच हात वर केला होता.

एके दिवशी सकाळी मी डबा भरत होते. भिंगरी आली, पोटावर तळहात ठेवला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "आय अ‍ॅम हंग्री." अगदी सहज, पाणी मागावं तसं. नवऱ्यानं पेपर खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. मला काय झालं कोण जाणे, मी विचारलं, "हंग्रीचं स्पेलिंग काय?"

"ते काय असतं?" तिनं विचारलं.

नवरा खो खो हसला. मी डब्याचं झाकण लावलं. सातशे मुलांचा पहिला शब्द माझा, आणि माझ्या मुलीचं पहिलं वाक्य दुसऱ्या बाईचं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. कुणाला सांगणार? ऐकणारा म्हणाला असता, अगं, मुलगी इंग्रजी बोलायला लागली, पेढे वाट.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. धाकटीनं साडी नेसली तर वाटायचं, मुद्दाम नेसली. साडी न नेसता आली तर वाटायचं, साधेपणाचं नाटक. शाळा सुटताना तिच्या भोवती पोरांचं मोहोळ असायचं. माझी मुलं ओळीत, गुपचूप बाहेर पडायची, आणि ज्या शिस्तीचा मला एवढा अभिमान होता तीच मला फाटकापाशी नकोशी व्हायची. पालक तिला थांबवून बोलायचे. मला नमस्कार करायचे. नमस्कारात काही वाईट नाही, पण नमस्कार भिंतीवरच्या फोटोलाही करतात.

घरी मी भिंगरीला धरून बसवायला लागले. रात्रीची जेवणं व्हायच्या आत अर्धा तास, माझ्या पद्धतीनं. हाताची घडी, पाठ ताठ, के ई वाय की, की म्हणजे किल्ली. ती म्हणायची, कारण मी आई होते. पण मध्येच घडी सोडून मनगट फिरवायची आणि मला समजवायची, "आई, असं केलं ना, की शब्द येतो. बघ." एकदा तिनं मला काकूचे सगळे हातवारे करून दाखवले, एकामागून एक. चमचा असा, चेंडू असा, पाऊस असा, दार असं. कपाळावर बोट म्हणजे आठवण. मोठ्या उत्साहानं दाखवत होती आणि मी कपाळाला आठ्या घालून बघत होते. पण बघत होते नीट. मी शिक्षिका आहे. मुलाला शब्द कुठून येतो ते मला दिसतं. तिचा हात आधी हलायचा आणि शब्द त्याच्या मागून यायचा. हात धरला तर ती अडखळायची. मी दोनदा धरून पाहिला.

वर्ष संपत आलं तेव्हा मोठ्या बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. त्या कमी बोलणाऱ्या बाई आहेत, पण बोलल्या की आदेशच असतो. म्हणाल्या, पुढच्या वर्षापासून पहिलीच्या दोन्ही तुकड्यांचं इंग्रजी एकीकडंच राहील. एकाच शाळेत दोन तऱ्हा नकोत, पालक गोंधळतात. उरलेल्या बाईंना पाचवीचं व्याकरण घ्यावं लागेल. वार्षिक तोंडी परीक्षेत ज्या तुकडीचे गुण चांगले, तिच्या बाईंची पद्धत आणि तिच्या बाई पहिलीला.

धाकटी म्हणाली, "चालेल." मीही म्हणाले, "चालेल." बाहेर आल्यावर ती म्हणाली, वहिनी, तुम्हीच जिंकाल बघा, तुमचा अनुभव केवढा. मनापासून म्हणाली की नाही कोण जाणे. तेव्हा मला ती कुचेष्टाच वाटली. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, पहिली गेली तर मी नोकरी सोडेन. तो म्हणाला, पाचवीची मुलं निदान नाक स्वतः पुसतात. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आमच्याकडं तोंडी परीक्षेची एक रीत आहे. पक्षपात नको म्हणून ‘अ’ ची परीक्षा ‘ब’ च्या बाई घेतात आणि ‘ब’ ची ‘अ’ च्या. शब्दांची यादी कार्यालयातून येते, दहा शब्द, दोघींना एकच. एका शब्दाला एक गुण. कसं विचारायचं ते परीक्षकावर सोडलेलं असतं. वर्षानुवर्षं कुणाला त्यात काही खटकलं नव्हतं, कारण वर्षानुवर्षं सगळ्या एकाच पद्धतीनं विचारत होत्या.

परीक्षेच्या दिवशी मी ‘ब’ च्या खोलीत टेबल मांडून बसले आणि धाकटी शेजारी माझ्या खोलीत. यादीसोबत कार्यालयानं एक ट्रे दिला होता, त्यात वस्तू होत्या, दाखवायच्या असल्या तर. मी ट्रेवर रुमाल टाकला आणि तो खिडकीत ठेवून दिला. पहिलं मूल आत आलं, एक गोल चेहऱ्याची, भलती बोलकी मुलगी. फाटकापाशी ती धाकटीच्या हाताला लोंबकळायची, म्हणून मला ती चांगली ठाऊक होती. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "हाताची घडी."

यात काही चूक नव्हती. आमच्या शाळेत हाताची घडी प्रत्येक वर्गात घालतात. पण मी ते म्हणाले तेव्हा मला पक्कं माहीत होतं की मी काय करते आहे. तो प्रकार नकळत झाला असं मी म्हणणार नाही. मी सोळा वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं आहे.

मी विचारलं, किल्लीला इंग्रजीत काय म्हणतात? मुलीनं माझ्याकडं पाहिलं. वर्षभरात तिला असं कुणी विचारलं नव्हतं. घडीच्या आत तिचं उजवं मनगट जरासं वळलं. शब्द हातापर्यंत आला होता आणि हात काखेत दाबलेला होता. तिनं घडी सोडून हात वर केला. मी म्हणाले, घडी मोडायची नाही. तिनं परत घडी घातली. फणी? तिची मान कलली, डोक्याला हात न्यायचा होता. चेंडू? कोपर हललं. दहा शब्दांत तिनं दोन सांगितले, तेही कुजबुजत. मी दोन लिहिले.

मग हेच चालू राहिलं. एकामागून एक मुलं आली, खुर्चीवर बसली, घडी घातली आणि मुकी झाली. कुणाला तीन, कुणाला चार, एकाला शून्य. तो शून्यवाला रडला नाही, फक्त पायानं खुर्चीच्या दांडीवर ठक ठक करत राहिला. मी ते लिहून घेतलं: पाय हलवतो. अठरा मुलं झाल्यावर मधली सुट्टी झाली. मी खोलीतच चहा मागवला. बाहेर ‘ब’ ची मुलं नेहमीसारखी ओरडत नव्हती. मला आनंद होत होता, ही गोष्ट मी लपवणार नाही. भीतीच्या खाली आनंद होता, आणि तो चहाबरोबर सावकाश पोटात उतरत होता.

भिंगरीचा नंबर विसावा. स्वतःच्या मुलीची परीक्षा मी घेऊ नये हा प्रश्न निघाला होता, पण मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, तुमच्यावर अविश्वास कोण दाखवणार? ती आत आली. मी काही म्हणायच्या आधीच तिनं घडी घातली. बाहेरच्या मुलांनी तिला सांगितलं असणार. पाठ ताठ केली आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिली.

किल्ली, मी म्हणाले.

"के ई वाय की, की म्हणजे किल्ली." माझी चाल, माझा आवाज, अगदी शेवटचा हेलसुद्धा माझाच. दहाच्या दहा शब्द तिनं तसेच म्हटले. मनगट हललं नाही, कोपर हललं नाही. वर्षभर मला हेच ऐकायचं होतं. मी दहा लिहिले, अभिमानानं, आकडा जरा मोठाच काढून. उठताना तिनं विचारलं, "बाई, आता हात सोडू?" शाळेत मला आई म्हणायचं नाही असं मीच तिला शिकवलं होतं.

मी म्हटलं, सोड. पुढचं मूल आत आलं आणि मी पुन्हा म्हणाले, हाताची घडी.

संध्याकाळी दोन्ही गुणपत्रकं कार्यालयात गेली. ‘ब’ ची सरासरी चारच्याही खाली. ‘अ’ ची साडेआठ. कारकुनानं मला धाकटीनं भरलेलं पत्रक सहीसाठी दाखवलं, कारण वर्गशिक्षिकेची सही लागते. पहिल्यापासून शेवटपर्यंत आठ, नऊ, दहा, आठ. माझ्या दोन कच्च्या मुलांनाही सात. शेरा म्हणून तिनं खाली एक ओळ लिहिली होती: मुलांना वस्तू दाखवून विचारलं तेव्हा अडचण आली, म्हणून त्यांच्या सवयीच्या चालीत विचारलं, उत्तम आलं. मी ती ओळ वाचली आणि सही केली. मला वाटलं, बावळट आहे. एवढी पदविका घेऊन हिला परीक्षा घेता येत नाही.

चौथ्या दिवशी पालकांना पत्रं गेली. पुढच्या वर्षीही पहिलीचं इंग्रजी माझ्याकडं. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर माझं अभिनंदन केलं. धाकटीनंही टाळ्या वाजवल्या. मी घरी येताना मिठाईचा पुडा घेतला आणि म्हटलं वरही देऊन यावं. जिंकल्यावर मोठं मन करायला काय जातं?

जिन्यात होते तेव्हा वरच्या खोलीतून भिंगरीचा आवाज आला. शाळेतून आल्यावर ती आधी काकूकडं जायची, हे माझं आणखी एक दुखणं. दार उघडं होतं. ती रडत नव्हती. ती मुद्दा मांडत होती, लहान मुलं मांडतात तसा, सावकाश आणि एकेक शब्द.

"मी आईसारखं म्हटलं. म्हणून मला दहा मिळाले. तू रागावलीस?"

धाकटी म्हणाली, नाही गं, छान म्हटलंस, मला समजलं.

"पण सगळ्यांना येत होतं, काकू. आईला माहीत होतं हात सोडले की येतं. मीच तिला घरी करून दाखवलं होतं. सगळं करून दाखवलं होतं." मग ती म्हणाली, "मी नसतं दाखवलं तर चाललं असतं."

मी पुडा घेऊन खाली परत आले. नवऱ्यानं विचारलं, दिली का मिठाई? मी म्हटलं, झोपलेत सगळे. संध्याकाळचे सहा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी पहिली घंटा व्हायच्या आधी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ वाढत होता. मी म्हटलं, मी हाताची घडी घालायला लावली. त्या म्हणाल्या, मग? ती तर आपण सगळेच घालतो. मी म्हटलं, वस्तू झाकून ठेवल्या. त्या म्हणाल्या, दाखवाव्यात असा नियम कुठं आहे? मी म्हटलं, मला ठाऊक होतं की तशी ती मुलं बोलू शकणार नाहीत. त्यावर त्यांनी चष्मा काढला आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, की घडी घातली म्हणून ज्याला शब्द येत नाही त्याला शब्द आला असं कसं म्हणायचं? तुम्ही फार हळव्या झालात, घरातलीच आहे ना ती. पत्रं गेलीत. विषय संपला.

मी त्यांच्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा मला कळलं की मी केलेला गुन्हा ओळखू शकेल असं शाळेत एकच माणूस आहे. बाकी कुणाला तो दिसणारच नाही. चोरी केली असती तर निदान चौकशी झाली असती.

शाळा सुटल्यावर ‘ब’ च्या खोलीत गेले. धाकटी बाकं परत ओळीत लावत होती. सुट्टीत खोली रंगवायची होती. मी एका बाकाचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून चार-पाच बाकं हलवली. मग मी तसंच उभ्या उभ्या सांगितलं. आधी पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. एवढंच म्हटलं, की मी मुद्दाम केलं, तुझ्यावर जळत होते म्हणून केलं, वर्षभर जळत होते. पहिली तू घे, मी मोठ्या बाईंना लेखी देते, मी पाचवीला जाते.

ती म्हणाली, "मला ठाऊक आहे, वहिनी."

मी विचारलं, भिंगरीनं सांगितलं म्हणून?

"नाही. मधल्या सुट्टीतच कळलं. मुलं बाहेर आली ती गप्प. विचारलं तर म्हणाली, घडी मोडू दिली नाही, ट्रेवर रुमाल टाकलाय." तिनं बाकावरची धूळ हातानं पुसली. "पहिल्यांदा वाटलं, तुमच्या लक्षात आलं नसेल. मग वाटलं, विसाव्या नंबरला भिंगरी आहे. तिला बघून तरी तुम्ही ट्रेवरचा रुमाल काढाल. एवढ्यात तुमच्याच वर्गातला पुढचा नंबर आत आला."

ती काय सांगते आहे ते मला उमजायला दोन क्षण लागले. मधली सुट्टी झाली तेव्हा माझीही निम्मीच मुलं झाली होती. उरलेली निम्मी तिच्याकडं यायची होती. तिला तेव्हा सगळं ठाऊक होतं. तिनं नुसत्या वस्तू दाखवून विचारलं असतं तरी पुरलं असतं. चालीशिवाय माझ्या मुलांचं तोंड उघडत नाही, हे तिला सकाळीच कळलेलं होतं. कुणी तिला बोल लावला नसता. कसं विचारायचं ते परीक्षकावर असतं. मला गुणपत्रक आठवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत आठ, नऊ, दहा, आठ.

"मग तू तसं का नाही केलंस?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज फाटला. मी जवळजवळ भांडत होते.

"मुलं घाबरली होती हो," ती म्हणाली. "सारखी दाराकडं बघत होती, बाई कुठं आहेत म्हणून. तुमची चाल धरली तेव्हा कुठं बोलायला लागली." मग तिनं पुढचं बाक धरलं आणि माझ्याकडं पाहिलं, मी दुसरं टोक धरावं म्हणून. "पहिली तुमच्याकडंच राहू दे. मला दिलेली नको. पुढच्या वर्षी परत परीक्षा आली तर बघू."

हे सगळं ती बाक उचलता उचलता म्हणाली, दुपारच्या चहाला काय करायचं ते विचारावं इतक्या साध्या आवाजात. मी टोक धरलं. आणि देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला तिच्या पद्धतीचा नाही, पोरांच्या मोहोळाचा नाही, भिंगरीच्या वाक्याचाही नाही, त्या आवाजाचा हेवा वाटला, आणि आधीचा सगळा हेवा त्यापुढं पोरखेळ होता.